स्वयंपाकघरातलं सुकाणू

आधीच माफी मागते. माझं अक्षर वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे हे मला कधीच कळलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. नंतर हातात पेन आलं ते रेशनच्या दुकानात सही करण्यापुरतं. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी राहिली होती, म्हणून लिहायला बसले. कुणाला दाखवायचं नाही. तरी कुणाच्या हाती वही लागलीच, तर चुका सोडून वाचा.

आमचं घर अंजूरच्या पलीकडे, खाडीला लागून. मागचं दार उघडलं की थोडी मोकळी जागा, मग तिवरांची झाडी, मग पाणी. उधाणाच्या भरतीला पावसाळ्यात पाणी स्वयंपाकघरात यायचं. फार नाही, घोट्याएवढं. पण चूल विझायची, पिठाचा डबा पाटावर चढवायला लागायचा, आणि पाणी गेलं की लादीवर चिखलाचा थर राहायचा, त्याला खाडीचा वास. मला एकच हवं होतं. स्वयंपाकघराचं जोतं उंच करायचं होतं.

त्याचे पैसे माझ्याकडे आले होते. पडघ्याजवळ माझ्या माहेरची शेती गोडाऊनसाठी विकली गेली, तेव्हा भावांनी माझी सही घेतली आणि माझ्या हातात काही रक्कम ठेवली. किती, ते इथे लिहीत नाही. जोतं, वर पत्रे आणि एक मोरी एवढं त्यात नक्की झालं असतं.

त्याच वर्षी थोरल्या दिरांच्या डोक्यात होडी आली. गोडाऊनं भराभर बांधली जात होती आणि खाडीतल्या रेतीला भाव होता. इंजिनाची बोट परवडणारी नव्हती, डिझेल रोजचं. शिडाची होडी असली तर भरतीबरोबर वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं, वारा फुकट. लाकडाचे पैसे त्यांच्याकडे होते, पुढचे नव्हते.

आमच्यात थोरला दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी समोरासमोर बोलत नाहीत. ते माझ्या नवऱ्याला सांगायचे किंवा जाऊबाईंना, आणि मोठ्याने सांगायचे, म्हणजे मला आत ऐकू येईल. तसे ते एका संध्याकाळी ओटीवर बसले आणि जाऊबाईंना म्हणाले, "तिला सांग, पैसे बुडनार न्हाईत. पावसाळ्याच्या आत निम्मे देतो. आनि सगळे फिटेपर्यंत होडी तिचीच समज."

जाऊबाई आत बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना बाय? होडीची मालकीन झालीस तू."

आमचे हे भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला होते. ते म्हणाले, "माझा भाऊ हाय तो. कागद काय करायचा?" पैसे दिले गेले. कागद झाला नाही.

पण "होडी तिची" हे ऐकून मला बरं वाटण्याऐवजी धास्तीच बसली. त्याचं कारण सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा काठावर एक जुनी होडी पालथी पडलेली होती. पोरं तिच्यावर घसरगुंडी खेळायची. ती सासऱ्यांची. वाटणी झाली तेव्हा होडी चुलत दिरांच्या वाट्याला गेली. पण होडी म्हणजे काय, यावर भांडण झालं. पंच बसले आणि त्यांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सांगितलं, खिळ्याने ठोकलेलं ते होडीचं, हाताने उचलता येतं ते ज्याच्या घरात असेल त्याचं. शीड, वल्ही, नांगर, सुकाणू, सगळं एका घराच्या माळ्यावर होतं. चुलत दिरांना नुसता सांगाडा मिळाला. नवीन सामान करायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. होडी काठावरच कुजली. आणि तो माळा होता थोरल्या दिरांचा.

म्हणून होडीचं काम सुरू झालं तसं माझं लक्ष एकाच गोष्टीवर. काय ठोकतात आणि काय सुटं ठेवतात.

काम आमच्या मागच्या मोकळ्या जागेतच चाललं होतं, कारण तिथून होडी पाण्यात ढकलायला सोपी. म्हातारे सुतार रोज सकाळी यायचे. मी भांडी घासायला मागच्या दारी बसायची ती पाठ घराकडे आणि तोंड होडीकडे करून. हातोडीचा आवाज आला की मला बरं वाटायचं, म्हणजे काहीतरी होडीला कायमचं लागलं. आवाज थांबला की मी मान वर करून बघायची. बोल्ट पिळताना आवाज होत नाही. ज्या दिवशी हातोडी फारशी वाजायची नाही, त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं नाही.

आणि हातोडी दिवसेंदिवस कमीच वाजायला लागली. बाजूच्या फळ्या ठोकून झाल्या, फटींत कापूस भरून डांबर झालं, आणि मग जे लागेल ते सुटं. डोलकाठी खाचेत उभी, वरून पट्टी आणि बोल्ट. आत पाय ठेवायच्या तळफळ्या नुसत्या टेकवलेल्या. बसायची आडवी फळी दोन खुंट्यांवर. थोरले दीर उभे राहून सुताराला सांगायचे, "हे सुटं ठेवा. हेबी सुटं ठेवा." मला वाटायचं, दिरांना आपला माळा रिकामा दिसतोय.

शेवटी मी चहा घेऊन गेले. सुतार वडिलांच्या वयाचे होते, त्यांच्याशी बोलायला मला एवढं अवघड वाटत नव्हतं. तरी विचारायला चहा निम्मा संपेपर्यंत वेळ घेतला.

"बाबा, ह्या फळ्या ठोकत का न्हाई तुम्ही?"

"तळफळ्या? ठोकल्या तर खालचं पानी कसं उपसनार?" ते म्हणाले. "प्रत्येक होडी थोडं पानी पितेच. फळी उचलून बघता आलं पायजे. ठोकलेल्या फळीखाली पानी साठलं तर वरनं होडी कोरडी दिसते आनि आतनं सडते."

"आनि डोलकाठी?"

"पूल हाय ना वाटेत. भरतीला डोलकाठी उतरवल्याशिवाय खालनं जाईल का होडी? ठोकली तर पुलाच्या अलीकडेच धंदा करा मग." ते हसले. "सुकानूबी तसंच. चिखलाला लागायच्या आत वर उचलता आलं पायजे. कायमचं बसवलं तर पयल्या ओहोटीला तेच मोडंल."

त्यांचं खरं होतं. माझीच पंचाईत झाली. जे होडीसाठी बरं, ते माझ्या पैशासाठी वाईट.

"मग ठोकायचं काय?" मी विचारलं.

त्यांनी बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं. "ज्याला पानी, पूल नि चिखल यांच्याशी कायबी देनंघेनं न्हाय, ते ठोकावं. पन तसं होडीत फार काय नसतं, पोरी."

मी आजूबाजूला बघितलं. मागच्या बाजूला दोर, स्टोव्ह आणि खायचं ठेवायला एक पेटी करायची होती. मी म्हटलं, "ती पेटी ठोका."

दुसऱ्या दिवशी पेटीवर हातोडी वाजली. थोरले दीर आले, पेटी ओढून बघितली, हलली नाही. माझ्या दाराकडे तोंड करून सुताराला म्हणाले, "पेटी कोनी ठोकायला लावली? सोनं ठेवायचं हाय का तिच्यात?"

सुतार म्हणाले, "मालकिनीनं."

सगळे हसले. मी भांडं घासत राहिले. पण पेटी ठोकलेली राहिली. पुढे ती पेटीच सगळ्यात आधी खराब झाली. तिच्याखाली रेती आणि पाणी अडकायचं, साफ करता यायचं नाही. दुसऱ्या वर्षी ती तोडून काढावी लागली. सुतारांनी मला त्यावरून एक शब्द ऐकवला नाही. मला मात्र आपलं एवढं तरी ठोकलेलं आहे, म्हणून त्या पेटीचा एक वर्षभर आधार वाटला होता.

सुकाणूचं काम शेवटी राहिलं. ते होडीच्या मागे लोखंडी खुंट्यांवर अडकवतात. सुकाणूला कड्या असतात, त्या खुंट्यांवर घालायच्या, वर उचललं की सुटतं. खुंट्यांसाठी लोखंड आमच्या ह्यांनी आणलं. भिवंडीत भंगारात निघालेल्या लूमचा दांडा होता, चांगला जाड. त्यांच्या कारखान्याशेजारच्या लेथवाल्याकडून त्यांनी त्याच्या खुंट्या कापून घेतल्या आणि त्याच मापाच्या कड्या करून आणल्या. बाजारात त्या जाडीच्या कड्या मिळत नव्हत्या. थोरले दीर भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "लूमवाला झालास तरी होडीला कामाला आलास."

मला वाटलं, हेबी त्यांच्याच बाजूचे.

शिमग्याच्या आधी होडी पाण्यात गेली. चांगली चालली. रेतीच्या खेपा होत होत्या, काठावर ट्रक उभे असायचे. पावसाळा जवळ आला. निम्मे पैसे यायचे होते, ते आले नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "शिडाचा खर्च झाला ना बाय." मग म्हणाल्या, "डांबराचा झाला." मग त्यांनी माझ्याशी बोलताना दुसरीकडे बघायला सुरुवात केली.

ज्येष्ठात होडी ओढून वर घेतली. सामान सुटं करून थोरल्या दिरांच्या घरी नेलं. शीड त्यांच्या माळ्यावर, डोलकाठी त्यांच्या पडवीच्या वाशांना टांगली, वल्ही तिकडेच. मी मागच्या दारातून एकेक गोष्ट जाताना बघत होते. सासऱ्यांच्या होडीसारखंच सगळं चाललं होतं. सुकाणूला चिखल लागलेला होता, म्हणून ते आमच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं. धुऊन नेऊ म्हणाले आणि जेवायला गेले.

मी पाणी ओतून सुकाणू धुतलं. मग त्याच्याखाली एक गोणपाट घातलं आणि ओढत ओढत स्वयंपाकघरात आणलं. किती जड होतं ते माझ्या कमरेला ठाऊक. तांदळाच्या पिंपामागे उभं केलं आणि वरून गोधडी टाकली. मग हात धुतले आणि भाकऱ्या करायला बसले.

थोरले दीर आले, भिंतीपाशी बघितलं, इकडेतिकडे बघितलं. आमचे हे घरात होते, सुट्टीचा दिवस होता.

"सुकानू कुठं गेलं रं?"

"मला काय म्हाईत?" हे म्हणाले. मग आत आले, गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत बाहेर गेले. "आत हाय. तिला विचार."

मी आतूनच बोलले. "त्यांना सांगा, धुऊन ठेवलंय. पैसे फिटेपर्यंत होडी माझी, असं ठरलंय. बाकीचं सामान त्यांच्या घरात हाय, एवढं माझ्या घरात ऱ्हाऊ दे."

जुन्या होडीची वाटणी त्यांनाही आठवली असणार.

मग ते भावाला म्हणाले, "बायको शिकवली वाटतं तू?"

"चौथी शिकलेली हाय ती," हे म्हणाले. "मी तिसरीत सोडली."

त्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी नेहमीसारखं आत आलं. तेव्हा पिंपामागून सुकाणू हळूच हललं आणि भिंतीला लागून ठक असा आवाज झाला. मला दचकायला झालं. पाणी आलं की त्याला होडीत जायचं असावं. मी चुलीजवळ पाटावर बसून त्याला पायाने दाबून धरलं.

श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या आधी, थोरले दीर आले. रुमालात बांधलेले पैसे ओटीवर ठेवले. निम्मे नव्हते, पण होते. आमच्या ह्यांनी आणि सुतारबाबांनी मिळून सुकाणू बाहेर काढलं. मी दाराआडून एवढंच म्हटलं की होडी वर आली की सुकाणू परत इथे यायचं. सुतारबाबा तिथे होते, शेजारचे दोघे होते. सगळ्यांसमोर थोरल्या दिरांना "बरं" म्हणावं लागलं.

पण मला त्या "बरं"वर विश्वास नव्हता. माणूस इतक्या सहज ऐकतो तेव्हा त्याच्या मनात दुसरं काहीतरी असतं. मी बघत राहिले. दुसऱ्या वर्षी होडी वर आली, सुकाणू आमच्याकडे आलं, मुकाट्याने आलं. मला आणखीनच संशय आला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आलं ना? मग?" मला वाटलं ह्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि ते मला सांगत नाहीत. भाऊ भावाचाच असतो, असं मी मनाशी म्हणत राहिले. श्रावणात दुसरा हप्ता आला, तोंड पाडून आला, आणि सुकाणू गेलं.

दिवाळीनंतर एकदा जाऊबाईंकडे कालवं द्यायला गेले. त्यांच्या अंगणात करदी वाळत घातली होती. मासळी चटईवर नव्हती, एका मोठ्या फळीवर होती. जाड सागाची फळी, एका बाजूने सरळ, एका बाजूने पोट काढलेली. सरळ बाजूला लोखंडी कड्या.

मी कड्यांकडे बघत उभी राहिले.

जाऊबाई करदी उलथवत होत्या. त्यांनी मान वर केली आणि त्यांना एकदम हसू आलं. "बघितलंस का? बघ. सुकट वाळवायला किती भारी फळी केलीय आमच्या मालकानं."

"दुसरं सुकानू?"

"मग काय! तुझं नाक खाली करायचं होतं ना. पैसे घालून नवीन करून घेतलं, बाजारातनं कड्या आनल्या. होडीला लावायला गेले, तर खुंट्या जाड नि कड्या बारीक. शिरतच न्हाईत!" त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "मग तुझ्या नवऱ्याच्या मागं लागले, बाबा, लेथवाल्याकडनं पयल्यासारख्या कड्या करून आन. तर तो म्हनतो लेथवाला मुलुखाला गेलाय. सनाला गेला, मग बहिनीच्या लग्नाला गेला, मग बापाला बरं न्हाई म्हनून गेला. अजून येतोयच बिचारा. आमचे मालक म्हनतात, असला कसला लेथवाला, कायम गावाला!"

मी घरी आले. ह्यांना काही विचारलं नाही.

काही दिवसांनी मला दाताच्या डॉक्टरांकडे भिवंडीत जायचं होतं. रिक्षाने गेले. येताना ह्यांचा डबा द्यायला कारखान्यावर गेले. लूमचा आवाज एवढा की बाहेर रस्त्यावरसुद्धा बोललेलं ऐकू येत नाही. शेजारीच लेथ. तो माणूस बाहेर स्टुलावर बसून चहा पीत होता, हात तेलाने काळे. मला ओळखून उठला.

"भाभी, नाव कैसी चल रही है? वो लूमवाला रॉड टिका?"

मी म्हटलं, टिका. मग सगळा धीर गोळा करून विचारलं, "आप गाँव से कब आए?"

"मैं?" तो म्हणाला. "मैं कहाँ गया? दो साल हो गए, सेठ छुट्टी ही नहीं देता."

हे आतून डबा घ्यायला आले. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. डबा घेतला आणि म्हणाले, "भाजी कसली हाय?"

"शेवग्याची," मी म्हटलं.

रिक्षात बसल्यावर दाताचं दुखणं माझ्या लक्षातही राहिलं नाही. इतकी वर्षं मी थोरल्या दिरांवर संशय घेतला तो बरोबर होता. ह्यांच्यावर घेतला तो चुकीच्या जागी होता. पण ते मला दोन वर्षं काहीच बोलले नाहीत, हेही काही बरं नाही. अजून मी त्यांच्या गप्प बसण्याकडे जरा जपूनच बघते.

तिसऱ्या पावसाळ्यात सुकाणू पिंपामागे होतं. आता मी गोधडी घालत नसे. कड्यांना खोबरेल तेल लावत असे, गंज चढू नये म्हणून. होडी चांगली राहिली तर पैसे येणार, हे मला एव्हाना कळलं होतं. उधाणाचं पाणी आत आलं, सुकाणू हललं, मी चुलीवरचा भात पाटावर घेतला.

श्रावणात थोरले दीर आले. ओटीवर बसले नाहीत, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले. दारातल्या ओल्या लादीकडे बघितलं, भिंतीवर पाण्याची रेघ होती तिच्याकडे बघितलं. आमचे हे बाजूला उभे होते. जाऊबाई मागे होत्या. मला वाटलं, आता ते ह्यांना काहीतरी सांगतील, मोठ्याने, म्हणजे मला ऐकू येईल.

त्यांनी रुमाल सोडून पैसे माझ्यापुढे पाटावर ठेवले.

"बाय," ते म्हणाले, मलाच म्हणाले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, "सगळे हायत. मोजून घे."

जाऊबाई म्हणाल्या, "अगो, मोजायला काय, घरचेच हायत."

मी पदर कपाळावर ओढला, खाली बसले आणि त्यांच्यासमोरच एकेक नोट मोजली. मग परत एकदा मोजली. ते उभे राहिले, घाई केली नाही. पैसे पुरे होते.